काळजी करा म्हणणाऱ्या मावशी

परमुलखात आजारी पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला फोनवर "काळजी करा" असं सांगून त्याचा पगार घेणारी एकच बाई मी आयुष्यात पाहिली. दीड वर्ष मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो. आता बसत नाही. याला कारण मी स्वतः आणि निमित्त त्या, असं मी बरेच दिवस सांगत फिरलो. ऐकणाऱ्यांनी ते उलटंच ऐकलं, आणि मीही ते उलटंच ऐकू येईल अशा बेताने सांगत होतो.

आमचं ऑफिस टेक्सासमधल्या अर्विंगला, हायवेलगतच्या एका काचेच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. काम असं की, अमेरिकेतली रिटायर झालेली माणसं युरोप बघायला निघतात. त्यातली शहाणी निघताना प्रवासातल्या आजारपणाचा विमा काढतात. मग तिकडे कुणी जिन्यावरून पडतं, कुणाच्या छातीत दुखतं, आणि ती माणसं कार्डामागचा नंबर फिरवतात. तो फोन माझ्या कानात वाजायचा. मी नाव, गाव, पॉलिसी नंबर लिहून घ्यायचो आणि फाइल नर्सकडे सरकवायचो. ती नर्स म्हणजे मावशी. मूळच्या नागपूरच्या. जन्मभर इथल्या हॉस्पिटलांत नर्सिंग केलं, रिटायर झाल्या, दोन महिने घरी बसल्या आणि "घरात कुणी आजारीच पडत नाही" अशी तक्रार करत पुन्हा कामाला लागल्या. मी त्यांना मावशी म्हणायला लागलो. मग आमच्याकडचे मेक्सिकन, व्हिएतनामी आणि खास टेक्सासचे गोरे, सगळेच म्हणायला लागले. ते त्यांचं नावच आहे अशी त्यांची समजूत होती.

मी तिथे कसा पोचलो ते थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं फारसं नाही. बायकोच्या नोकरीमुळे आमचं ग्रीन कार्ड आलं आणि त्याच वर्षी माझी आयटीतली नोकरी गेली. बायको म्हणाली, "तुला बोलायला आवडतं. नुसतं बोलायचे पैसे मिळतील असं काहीतरी बघ."

पहिल्याच दिवशी मला रोमहून एका आजोबांचा फोन आला. बायको पडली होती आणि खुब्याचं हाड मोडलं होतं. आजोबा म्हणाले, "पण आमच्याकडे मेडिकेअर आहे. ते बघेलच ना सगळं?"

"अर्थातच सर, फारच छान," मी म्हणालो.

शेजारून एक हात आला आणि त्याने माझ्या फोनचं म्यूटचं बटण दाबलं.

"काय बोलून राहिला तू?" मावशी म्हणाल्या. "त्याचं मेडिकेअर समुद्र ओलांडत नाही."

मी हबकलो. माणूस जन्मभर पगारातून ज्या सरकारी विम्याचे पैसे भरतो आणि पासष्टाव्या वर्षी ज्याचं लाल-पांढरं-निळं कार्ड पाकिटात अगदी पुढे ठेवतो, तो विमा देशाबाहेर जवळजवळ चालतच नाही, हे मला माहीत नव्हतं. त्याहून मोठा धक्का म्हणजे ते त्या आजोबांनाही माहीत नव्हतं. पुढे कळलं की फोन करणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना ही बातमी पहिल्यांदा आमच्याकडूनच मिळते, आणि तीही स्ट्रेचरच्या शेजारी उभं असताना.

मावशींनी फोन स्वतःकडे घेतला. "सर, मेडिकेअर तिथे देणार नाही. आता ज्याच्या मागचा नंबर फिरवलात, ते आमचं निळं कार्ड समोर ठेवा. काळजी वाटते आहे? बरोबर आहे. काळजी करायचीच वेळ आहे ही, तेव्हा करा. पण बसून करा, आणि हातात पेन घेऊन करा."

मला वाटलं, या बाईला आज संध्याकाळपर्यंत घरी पाठवतील. आजोबा मात्र मुकाट्याने खाली बसले. खुर्ची ओढल्याचा आवाज मी ऐकला.

मावशी स्वतः फोनवर बोलताना कधी खुर्चीत बसत नसत. ऑफिसात आल्या की बूट काढून टेबलाखाली ठेवायच्या, सपाता घालायच्या आणि आठ तास उभ्या राहायच्या. वॉर्डात कुणी बसून पेशंटशी बोलतं का, असं त्यांचं म्हणणं. कुणीही आजाराचं नाव सांगायला लागलं की त्या थांबवायच्या. "नाव नको. गोळ्यांचा डबा आणा आणि एकेक वाचा." माणूस आजाराबद्दल खोटं बोलतो, स्वतःला फसवतो, विसरतो; डबा विसरत नाही. लिस्बन, रोम, व्हिएन्ना इथल्या वॉर्डांतल्या नर्सेस त्यांच्या ओळखीच्या होत्या, पण फक्त आवाजाने. मोबाइलमध्ये त्यांनी त्या तशाच साठवल्या होत्या: 'रोम जांभई', 'व्हिएन्ना घाई', 'पोर्तो खोकला'. स्वतः त्या युरोपात कधीच गेल्या नव्हत्या. "मला तिथले फक्त दवाखाने माहीत आहेत," त्या म्हणायच्या. "ते बघायला कोण तिकीट काढतं?"

पॉलिसी त्या शेवटच्या पानापासून वाचायच्या. जेवणाचं आमंत्रण पुढच्या पानावर असतं आणि उपास मागच्या पानावर, हे त्यांचं वाक्य. वाचण्याची ही खोड फक्त पॉलिसीपुरती असती तर चाललं असतं. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की कार्ड सह्यांसाठी फिरायचं. बाकीचे फुलं, हसरे चेहरे काढायचे. मावशी कार्डावरची कविता पूर्ण वाचायच्या आणि खाली लिहायच्या, 'वाचले', आणि सही. एका मुलीने विचारलं, शुभेच्छा का नाही लिहीत? त्या म्हणाल्या, "वरच्यात लिहिल्या आहेत. त्या वाचल्या हे मी कबूल केलं."

एकदा मला क्रिकेटची मॅच बघायची होती. मी सकाळी हळूच म्हटलं, "मावशी, मॅनेजरला सांगता का, मला ताप वाटतोय म्हणून?"

त्यांनी पर्समधून थर्मामीटर काढला. "तोंड उघड."

उघडावं लागलं. त्या तशाच मॅनेजरच्या केबिनपर्यंत गेल्या आणि सांगून आल्या, "याला ताप वाटतो आहे. नाहीये." परत आल्यावर मी तोंड पाडून बसलो होतो. "बघ," त्या म्हणाल्या, "रविवारी विहारात पंचशील म्हणायचं, खोटं बोलणार नाही म्हणून, आणि सोमवारी तुझ्यासाठी बोलायचं. तेवढा जवळचा नाहीस तू माझा." मग डब्यातली अर्धी पोळी माझ्याकडे सरकवली.

आता माझी कीर्ती सांगायला हवी, त्याशिवाय पुढची पडझड नीट दिसणार नाही. फोन संपल्यावर लोक आम्हाला तारे द्यायचे. मला पाचातले पाच मिळायचे, रोज. कारण मी लोकांशी आपल्या माणसांसारखं बोलायचो. "काळजी करू नका, आम्ही आहोत ना," हे मी प्रत्येकाला सांगायचो. महिन्याचा उत्तम कर्मचारी म्हणून माझा फोटो लिफ्टच्या समोर लागला. एवढ्यावर थांबलो असतो तर मी कसला? आमच्या मॅनेजरने मला नव्या पोरांना शिकवायला बसवलं, माणसाला धीर कसा द्यावा यावर. ही मॅनेजर म्हणजे ठाण्याच्या आईबापांची, पण जन्माने टेक्सासची मुलगी. मराठी सगळं कळायचं, उत्तर इंग्रजीत. आणि मी शिकवलं. फळ्यावर लिहून शिकवलं.

मावशींनी एकदाच त्यावर विचारलं. "लोक खूश होतात म्हणे तुझ्यावर. फोन ठेवल्यावर त्यांना काय कळलेलं असतं?"

मी म्हटलं, "मावशी, धीर मिळतो हो."

"कशाचा?"

या प्रश्नाला मी हसलो होतो. ते हसू मला अजून आठवतं आणि मान खाली जाते.

मग आला तो मंगळवार. सकाळचे सात, म्हणजे पोर्तुगालमध्ये दुपारचा एक. पोर्तोहून फोन. ओक्लाहोमाचे एक गृहस्थ, शाळेची बस चालवून रिटायर झालेले. बायकोला धाप लागली, फुप्फुसांत पाणी झालं, तीन दिवस हॉस्पिटलात. आता डॉक्टर घरी न्यायला हो म्हणत होते, पण अट होती. विमानात आडवं होता येईल अशी सीट, ऑक्सिजन आणि सोबत नर्स. हॉस्पिटलचं बिल त्यांच्या आवाक्यातलं निघालं होतं, त्याचंच त्यांना नवल वाटत होतं. आवाक्याबाहेरचा होता तो परतीचा प्रवास. सगळं सांगून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "सन, आमचं ठीक होईल ना?" इथले म्हातारे कुणाही तरुणाला असंच 'सन', म्हणजे मुला, म्हणून हाक मारतात.

माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस. मी म्हणालो, आणि हे मी आता शब्दशः सांगू शकतो, कारण नंतर मी ते खूपदा ऐकलं: "सर, तुम्ही अजिबात काळजी करू नका. आम्ही आहोत. सगळं होऊन जाईल. मला तुमचा मुलगाच समजा."

आपल्याकडे हे वाक्य लग्नाच्या हॉलपासून दवाखान्याच्या पायरीपर्यंत कुठेही चालतं. म्हणणारा म्हणतो, ऐकणारा मान हलवतो, आणि दोघंही आपापल्या घरी जातात. मी ते जसंच्या तसं इंग्रजीत नेलं. मग ते गृहस्थ रडले. मलाही भरून आलं. फोन ठेवून मी पँट्रीत गेलो आणि स्वतःवर खूश होऊन दोन डोनट खाल्ले.

दहा वाजता फाइल मावशींकडे गेली. त्यांनी नेहमीप्रमाणे डबा मागवला. त्या गृहस्थांनी एकेक गोळी वाचली. पाणी कमी करायच्या गोळीपाशी आल्यावर म्हणाले, "ही अर्धी."

"अर्धी का? कधीपासून?"

"डॉक्टरांनी कमी केली. तब्येत सुधारली म्हणून. आम्ही प्रवास ठरवला त्याच्या जरा आधी."

मावशींनी फोन ठेवला आणि पहिल्यांदाच मी त्यांना खुर्चीत बसलेलं पाहिलं.

"काय झालं?" मी विचारलं.

"मागचं पान वाच."

मी वाचलं. पॉलिसी घेण्याआधीच्या दोन महिन्यांत औषध बदललेलं असेल, तर तो आजार जुना धरायचा आणि त्याचा खर्च द्यायचा नाही. वाढवलं तरी बदल, कमी केलं तरी बदलच. मी ते तीनदा वाचलं.

"म्हणजे मावशी, बाई बरी व्हायला लागली म्हणून विमा गेला?"

"हो."

"हे कसलं?"

"हे छापलेलं आहे."

मी इकडेतिकडे पाहून आवाज खाली केला. "ती अर्धी गोळी तुम्ही लिहायलाच पाहिजे का?"

"तिनं गिळली ना?" मावशी उठल्या. "मग मी लिहीन." आणि लिहिलं. मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. दगडाच्या काळजाची बाई, असं मी बायकोला घरी जाऊन सांगितलं. बायकोने विचारलं, "आणि तू काय सांगितलंस त्यांना फोनवर?" मी म्हटलं, "मी धीर दिला."

गुरुवारी कंपनीने नकार कळवला. शुक्रवारी सकाळी त्या गृहस्थांनी फोन करून मुद्दाम मलाच मागून घेतलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी शांतपणे म्हणाले, "सन, काहीतरी चूक झाली असेल. माझ्या मुलाने ओळखीतून एक नर्स शोधली होती, विमानही ठरवलं होतं. बुधवारीच निघणार होतो. तुझ्याशी बोललो आणि मी त्याला फोन केला. म्हटलं, राहू दे, रद्द कर. टेक्सासमध्ये दुसरा मुलगा बघतो आहे."

दीड वर्षात इतक्या माणसांना मी 'मुलगा समजा' म्हटलं होतं. त्यातल्या एकानेही खरंच समजलं असेल, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्यांचं विमान गेलं होतं. नर्स दुसऱ्या पेशंटबरोबर निघून गेली होती. मुलाला पुन्हा तेवढी जमवाजमव शक्य नव्हती. हॉस्पिटलला खाट हवी होती आणि बाई रोज थोडी थकत चालली होती. हे शेवटचं मावशींनी 'पोर्तो खोकला'ला फोन करून काढलं. सुट्टीच्या दिवशीही त्या घरून फोन करत होत्या, हे मला नंतर कळलं.

मुलाने कंपनीला एका ओळीचं पत्र लिहिलं: मंगळवारचं रेकॉर्डिंग ऐका.

सोमवारी नऊ वाजता मीटिंग. खोलीत चौघं. मॅनेजर, कायदा बघणाऱ्या एक बाई, मी आणि मावशी. मॅनेजरने रेकॉर्डिंग लावलं. स्वतःचा आवाज असा ऐकायची शिक्षा वैऱ्यालाही होऊ नये. त्या आवाजात मी थोडा टेक्सासचा झालो होतो, थोडा देवळातला कीर्तनकार. 'मला तुमचा मुलगाच समजा' आलं तेव्हा कायद्याच्या बाईंनी डोळे मिटले.

"ओके," मॅनेजर म्हणाली. तिने आधीच सगळा विचार करून ठेवला होता. "माझ्या घरी प्रत्येक मावशी, काका हेच म्हणतात. इट्स अ कल्चरल थिंग. त्याचा शब्दशः अर्थ नसतो. बरोबर ना?" तिने माझ्याकडे पाहिलं.

मला उचलून कुणीतरी काठावर ठेवल्यासारखं झालं. वाक्याला अर्थच नसेल तर मी वचन दिलेलंच नाही. मी वाचलो, कंपनी वाचली. मी मान हलवली. एकदा नाही, चारपाच वेळा. "अगदी बरोबर," मी म्हणालो. "आमच्याकडे असं नुसतं म्हणतात."

"मावशी, तुम्ही तेवढं लिहून द्याल?" मॅनेजरने विचारलं. "तुम्ही दोघं एकाच भाषेतले. तुमच्या सहीला वजन येईल."

तिने तसा कागद टाइप करूनच आणला होता; मावशींनी तो घेतला. अर्थातच शेवटापासून वाचला. मग टेबलावर ठेवला.

"नाही," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, एखादा शब्द बदलून हवा असेल.

"आमच्याकडे नुसतं म्हणत नाहीत," त्या म्हणाल्या. इंग्रजीत, सावकाश, पेशंटला समजावून सांगतात तशा. "नुसतं म्हणणारे सगळीकडे असतात, आमच्याकडेही आहेत. पण माझ्या भाषेत ते असंच असतं, असं मी लिहून देणार नाही. हा म्हणाला, मुलगा समजा. म्हाताऱ्याने समजला. त्याने स्वतःचा मुलगा थांबवला. आता मुलगा काय करतो? आईला घरी आणतो."

"पण मावशी, ती गोळी तुम्हीच नोंदवली," कायद्याच्या बाई म्हणाल्या. "क्लेम बसत नाही, हे तुमच्याच नोंदीवर ठरलं."

"हो. पॉलिसीत बसत नाही. मी कुठे म्हणते बसतं? पॉलिसी वेगळी आणि हे वेगळं. गोळी अर्धी होती, ते मी लिहिलं. शब्द पूर्ण होता, तेही लिहीन."

मग मॅनेजर म्हणाली, "तुम्हाला कळतंय ना, याचा अर्थ याच्यासाठी काय होतो ते?"

"कळतं," मावशी म्हणाल्या. माझ्याकडे पाहिलंही नाही.

माझ्या कानशिलात कुणीतरी वाजवल्यासारखं झालं होतं. ज्या बाईने मला आपल्या डब्यातली अर्धी पोळी दिली, तिने मला चारचौघांत बुडवलं, एवढंच मला तेव्हा कळत होतं. बुडता बुडता मी कायद्याच्या बाईंकडे पाहून हसलो सुद्धा. ते का हसलो ते माहीत नाही.

कंपनीने मान्य केलं. मुकाट्याने, 'अपवाद म्हणून' असं लिहून. नर्स मावशींनीच निवडली. विमानाची वेळ, ऑक्सिजन, उतरल्यावरची ॲम्ब्युलन्स, सगळं त्यांनी दोन दिवस उभं राहून लावून दिलं. त्या आठवड्याच्या गुरुवारी बाई ओक्लाहोमाला पोचल्या आणि थेट आपल्या नेहमीच्या हॉस्पिटलात दाखल झाल्या. ते गृहस्थ नंतर फोनवर मावशींना म्हणाले म्हणे, की त्या टेक्सासच्या मुलाला धन्यवाद सांगा. मावशींनी तो निरोप मला दिला. जसाच्या तसा, एक शब्द न घालता.

शुक्रवारी मला काढलं. माझा फोटो लिफ्टसमोरून कधी उतरवला ते मी पाहिलं नाही. मी माझा मग, जाकीट आणि चार्जर एका खोक्यात भरला, गाडी दाराजवळ आणून उभी केली आणि खोकं ठेवायला गेलो तर मावशी बाहेर आल्या. पायात बूट होते.

इतके दिवस साठवलेलं मी एकदम बोललो. "मावशी, तुम्ही माझी बाजू घ्यायला हवी होती."

"घेतली की," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"त्या खोलीत चार माणसं होती. त्यातली तीन म्हणत होती की तू बोललास त्याला काही अर्थ नव्हता. त्या तिघांत तू पण होतास. अर्थ होता, असं मी एकटी म्हणाले."

मी खोकं मागच्या सीटवर ठेवलं आणि दार लावलं.

"आता गाडी काढ," मावशी म्हणाल्या. "माझ्या गाडीच्या मागे आडवी लावली आहेस. मला जेवणाच्या सुट्टीत बँक गाठायची आहे."